मागच्या चाकांचं औषध

भाजीबाजाराच्या कोपऱ्यावर मापताईने गाडी डावीकडे वळवली आणि गाडीच्या पोटातून असा काही आवाज आला, की लिंबं निवडणाऱ्या दोन बायका हातातली लिंबं तशीच धरून बघत राहिल्या. आधी एक लांबलचक घुर्र, मग कट-कट-कट. मागची चाकं तर पाय रोवून बसल्यासारखी अडखळत होती. गाडी सरळ रस्त्याला लागली तसा आवाज बंद. पुन्हा अगदी शहाण्यासारखी चालायला लागली.

मापताई एकसष्ट वर्षांची. त्यातली चौतीस वर्षं तिने इस्पितळाच्या औषध विभागात काढलेली. बाटलीवरचं लेबल शेवटच्या ओळीपर्यंत वाचल्याशिवाय ती खोकल्याचं औषधही कुणाला देत नसे, आणि घरी चहात साखर घालताना चमचा बोटाने सपाट करून घेई. "मापताई" हे नाव थोरल्या भावाने ती शाळेत असतानाच ठेवलं होतं. पुढे ते इस्पितळापर्यंत कसं पोचलं कोण जाणे, पण चिकटलं ते कायमचंच.

गाडीही त्याच थोरल्या भावाची, दादाची. दोनच माणसं बसतील अशी, जमिनीला टेकलेली, टोमॅटोसारखी लाल, सव्वीस वर्षांची स्पोर्ट्स कार. एवढ्या वर्षांत दादाने तिला फाटकाबाहेर एकदाही चालवू दिली नव्हती. आणि तीन आठवड्यांपूर्वी, सत्तराव्या वाढदिवसाला, सगळ्यांसमोर त्याने तिच्या हातात किल्ली ठेवली. "गुडघे ऐकत नाहीत गं आता. आत बसलो की बाहेर यायला दोन माणसं लागतात. तू घे." मापताईला इतका आनंद झाला, की त्या दिवशी तिने केक न मोजता खाल्ला.

गाडीची कागदपत्रं नावावर व्हायला तीन आठवडे गेले. आज ती पहिल्यांदाच बाहेर काढली, तर हा आवाज. घरी पोचताच तिने दादाला फोन लावला.

"दादा, मागच्या बाजूला गिअर ऑइल कुठलं आहे रे?"

"कुठलं म्हणजे? तेल आहे."

"अरे, पण कुठलं? कधी बदललं होतंस?"

"वस्तादला विचार. सगळं तोच बघायचा," असं म्हणून दादाने फोन ठेवून दिला. फोनवर एकदा बोलायला लागला की भांडी घासून होईपर्यंत न थांबणारा दादा! मापताईला ते जरा खटकलं.

वस्तादचं गॅरेज गोदामांच्या रांगेमागे, एका मोठ्या सिमेंटच्या आवाराच्या टोकाला होतं. तो शेजारच्या सीटवर बसला, डोळे मिटले आणि म्हणाला, "ताई, आवारात एक गोल चक्कर मारा. सावकाश." अर्ध्या चकरेतच त्याने हात वर केला.

"इंजिन ठणठणीत. डिफरन्शियल कुरकुरतंय."

मग खडू घेऊन त्याने जमिनीवर दोन चाकं काढली. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त चालावं लागतं, आतल्याला कमी. दोघांना आपापल्या चालीने जाऊ देणारी पेटी म्हणजे डिफरन्शियल. "साध्या गाडीत एक चाक चिखलात गेलं, की सगळा जोर त्याच्याकडेच जातो आणि ते जागच्या जागी गरगरत बसतं. या गाडीत तसं नाही. पेटीत बारीक क्लच प्लेटा आहेत. दोन्ही चाकांना त्या एकमेकांपासून फार फटकून वागू देत नाहीत. लिमिटेड स्लिप म्हणतात ते हेच. पण वळताना या प्लेटा एकमेकींवर हळूच घसरायला हव्यात. नाही घसरल्या तर अडकतात, सुटतात, अडकतात, सुटतात. तोच हा आवाज."

"म्हणजे प्लेटा गेल्या?"

"गेल्या असतील, नाहीतर चुकीचं तेल असेल. मला काय ठाऊक? या गाडीच्या मागच्या तेलाला मी चार वर्षांत हात लावलेला नाही."

मापताईने भुवया उंचावल्या. दादा एक सांगतो, वस्ताद दुसरंच. पण आधी आजारी माणसाकडे बघायचं, मग नातेवाइकांकडे, ही तिची जुनी सवय होती.

तेलाच्या दुकानात ती तासभर उभी होती. दुकानदार उत्साही होता. त्याने रेसच्या गाडीचं चित्र असलेला डबा काउंटरवर आपटला. "हे न्या! सगळ्यात जाड. स्पोर्ट्स कार म्हटली की जाडच हवं."

"का?"

"का म्हणजे... स्पोर्ट्स कार आहे ना!"

मापताईने चष्मा पुसला आणि डबे एकेक करून फिरवायला सुरुवात केली. मागे गिऱ्हाइकांची रांग लागली, तरी तिचं वाचन चालूच. घरून आणलेल्या गाडीच्या पुस्तिकेत पंचाहत्तर-नव्वद जाडीचं, जीएल-पाच प्रतीचं तेल सांगितलं होतं, आणि खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं: प्लेटांसाठी घर्षण कमी करणारं मिश्रण घालावं, जास्तीत जास्त एक छोटी बाटली. दुसऱ्या एका डब्यावर हे मिश्रण आधीच घातल्याचं छापलेलं होतं.

"मग हे घ्या, तयार आहे," दुकानदार म्हणाला. "आणि वरून दोन बाटल्या आणखी घाला. औषध जास्त झालं म्हणून काय बिघडतं?"

असं वाक्य मापताईसमोर बोलू नये, हे त्या बिचाऱ्याला कुठून माहीत असणार! रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात तिने विचारलं, "प्लेटा फारच घसरायला लागल्या, तर त्या चाकांना धरणार कशा? मग ही पेटी आणि साध्या गाडीची पेटी यात फरक काय राहिला?" दुकानदाराने रेसच्या गाडीचा डबा हळूच मागे सरकवला. रांगेतला एक टेम्पोवाला मात्र "बरोबर बोलल्या," असं पुटपुटला.

शेवटी तिने मिश्रण न घातलेलं साधं पंचाहत्तर-नव्वद घेतलं आणि मिश्रणाची बाटली वेगळी घेतली. वस्तादला तिने कारण सांगितलं, "तयार औषधात डोस कमी करता येत नाही. वेगळं असलं की थोडं द्यायचं, गुण येतो का बघायचं, मग पुढचं."

वस्तादने तिच्याकडे नव्या नजरेने पाहिलं. "ताई, इस्पितळात होतात म्हणे तुम्ही. इकडे का नाही आलात?"

शनिवारी सकाळी गाडी चार स्टँडवर चढली. वस्तादने गिअर न्यूट्रल केला आणि एक मागचं चाक हाताने फिरवलं. पलीकडचं चाकही त्याच दिशेला फिरलं. "बघा! प्लेटा अजून धरून आहेत. जीव आहे यांच्यात." मापताईने सुटकेचा निःश्वास टाकला. मग त्याने आधी तेल भरायचं वरचं बूच सैल केलं. "खालचं आधी उघडलं, तेल गेलं आणि वरचं निघालंच नाही, तर गाडी इथेच मुक्कामाला," तो म्हणाला. वरचं निघालं, तेव्हा खालचं उघडलं.

काळं, चिकट तेल तसराळ्यात पडायला लागलं आणि सडक्या अंड्यांसारखा वास सुटला. नेमक्या त्याच वेळी मापताईने बोलावलेले दादा आणि वहिनी आवारात शिरले. वहिनीने नाकाला पदर लावला. दादा मात्र थेट तसराळ्याशी आला, वाकला आणि तेलात बोट बुडवून तसाच उभा राहिला.

"हे माझं तेल," तो हळूच म्हणाला.

"तुझं म्हणजे?"

दादाने वस्तादकडे पाहिलं, वहिनीकडे पाहिलं, आणि मग सगळं बाहेर आलं. आठ महिन्यांपूर्वी आपणच तेल बदलावं अशी त्याला हुक्की आली होती. शेजाऱ्याच्या ट्रकसाठी आणलेलं गिअर ऑइल उरलं होतं, तेच त्याने ओतलं. दुसऱ्याच दिवसापासून गाडी वळणावर ओरडायला लागली. त्याला वाटलं, आपल्या हातून गाडीचा निकाल लागला. वस्तादला सांगायची लाज. मग त्याने गाडी चालवणंच सोडलं आणि गुडघ्यांवर खापर फोडलं.

"गुडघे?" वहिनी म्हणाली. "अहो, कालच तर तुम्ही माळ्यावर चढला होतात!"

मापताईचा चेहरा लाल झाला. "म्हणजे मोडलेली गाडी वाढदिवसाची भेट म्हणून माझ्या गळ्यात मारलीस? आणि मी वेडी, इतके दिवस सगळ्यांना सांगत सुटलेय की माझ्या भावाचं मन किती मोठं!"

"गळ्यात नाही गं मारली." दादाने तेलाचं बोट कुठे पुसावं ते न कळून तसंच वर धरलं होतं. "विकली असती तर भंगारात गेली असती. आपल्या घरात तू एकटीच अशी आहेस, की दुखणं काय आहे ते शोधल्याशिवाय सोडत नाहीस. म्हटलं, हिच्याकडे गेली तर वाचेल. तुला सांगायला तोंड नव्हतं, एवढंच."

मापताईला अजून बरंच काही बोलायचं होतं. पण ते वर धरलेलं काळं बोट आणि त्यामागचा सत्तर वर्षांचा ओशाळलेला चेहरा बघून तिला हसूच फुटलं. तिने चिंधी त्याच्या अंगावर फेकली. "पूस ते. आणि बाह्या वर कर. भरायला तूच घे."

तेल भरून झालं, तेव्हा मापताईने औषधासाठी जागा राहील इतकं ते कमी ठेवायला लावलं. मोठ्या सिरिंजमध्ये तिने अर्धी बाटली मिश्रण ओढून घेतलं, डोळ्यांसमोर धरून बुडबुडा काढला, आणि दादाने गाडीखाली आडवं पडून ते आत सोडलं. गुडघ्यांनी जराही तक्रार केली नाही.

मग आवारात आठचे आकडे. सावकाश, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे, म्हणजे तेल प्लेटांच्या मध्ये शिरतं. पहिल्या चार फेऱ्यांत आवाज होताच. सहाव्या फेरीत घुर्र गेलं, नुसतं कट-कट उरलं. दहा फेऱ्या झाल्या तरी ते जाईना.

"उरलेली अर्धी ओतून टाकू," दादा म्हणाला.

"पाव," मापताई म्हणाली.

पाव बाटली आणखी गेली. पुन्हा आकडे. तिसऱ्या फेरीला वस्तादने हात वर केला आणि कान पुढे केला. टायरखाली खडे चिरडल्याचा तेवढा आवाज. बाकी काही नाही.

तरी मापताईचं समाधान होईना. आवाराच्या कडेला वाळू सांडलेली होती. तिने एक मागचं चाक मुद्दाम त्या वाळूत घातलं आणि पाय दाबला. चाक वाळूत नुसतं गरगरलं नाही. दोन्ही चाकांनी मिळून जोर लावला आणि गाडी सरळ पुढे उसळली. "धरतंय!" ती ओरडली. वस्तादने टाळ्या वाजवल्या.

"दोघांनी आपापल्या चालीने जायचं, पण फार फटकून वागायचं नाही," वहिनी म्हणाली. "आमच्यात पण घाला हो वस्ताद, पाव बाटली उरलीये ना?"

दादा शेजारच्या सीटपाशी घुटमळत होता. मापताई उतरली आणि तिने किल्ली पुढे केली. "एक चक्कर मार. पण गाडी माझी आहे, लक्षात ठेव."

दादाने हात पुढे केला, पण वहिनी मध्ये आली. "थांबा. सव्वीस वर्षं तुम्ही दोघं यात बसून फिरताय, आणि मी फाटकात उभी राहून टाटा करतेय. आधी मी."

तिने पदर खोचला, सीट पुढे ओढली आणि आरसा आपल्या उंचीला वळवून घेतला. बहीण-भाऊ आवाराच्या कडेला उभे राहिले. गाडी सुटली, गोदामाच्या भिंतीजवळ पोचली, आणि वहिनीने ती इतक्या झोकात, इतक्या आवाजाविना वळवली, की दादाचं तोंड उघडंच राहिलं.

"हिला कधी शिकवलंस?" मापताईने विचारलं.

"मी नाही शिकवलं," दादा म्हणाला, आणि दोघंही वस्तादकडे वळले. वस्ताद अगदी मन लावून पाना पुसत होता.