चौथ्या भागाचं उत्तर

सभागृहात तिला सगळे टॅक्सीवाली म्हणत. समोरच्या बाकांवरचे हिणवून म्हणत, तिच्या बाजूचे कौतुकाने म्हणत, आणि ती दोघांनाही भीक घालत नसे. स्टेशनबाहेर तिचा टॅक्सीचा थांबा होता. चालकांची भांडणं सोडवता सोडवता ती पुढारी झाली आणि चालकांच्याच जिवावर निवडून आली. पण आमदार होण्याची खाज तिला जनसेवेमुळे सुटली नव्हती. तिला आरोग्य खात्याला धरायचं होतं, आणि खात्यामागे लपलेल्या एका माणसाला.

तो माणूस म्हणजे तिचा सख्खा थोरला भाऊ. आमदारांनी लेखी प्रश्न पाठवायचा, खात्याने उत्तर लिहायचं, मंत्र्यांनी सही ठोकायची आणि छापलेला कागद सकाळी सभागृहात मेजावर यायचा, अशी ती रीत. आरोग्य खात्यात हे लिहिण्याचं काम दादाकडे होतं. प्रश्नाच्या पहिल्या भागाला ‘हे खरे नाही’ म्हटलं की पुढच्या सगळ्या भागांना ‘प्रश्न उद्भवत नाही’ असं लिहून मोकळं होता येतं. हे कसब त्याने इतकं घोटलं होतं की खात्यात त्याचं नावच ‘उद्भवत नाही’ पडलं होतं.

आणि गंमत अशी, की तो लिहिताना कधी खोटं लिहायचा नाही. लहानपणी ‘काच तू फोडलीस का?’ असं विचारलं की तो शांतपणे नाही म्हणायचा. चेंडू मारलेला असायचा मित्राने, याने फक्त टाकलेला. मार बसायचा तो मित्राला. विचारणाऱ्याने विचारलं तेवढंच सांगायचं, हा त्याचा धर्म.

आई त्याच्याकडे राहायची. एका दुपारी तिच्या छातीत दुखायला लागलं, तेव्हा दादाने आधी सरकारी रुग्णवाहिकेला फोन केला आणि मग बहिणीला. ती थांब्यावरच होती. समोर रिकाम्या टॅक्सी उन्हात उभ्या होत्या.

“टॅक्सी पाठवते,” ती म्हणाली.

“गाडी निघालीय,” दादा म्हणाला. “टॅक्सी नको पाठवूस.”

गाडी आलीच नाही. आई दाराजवळच्या खुर्चीत, अंगावर शाल घेऊन, वाट बघता बघता गेली.

गाडी निघाल्याचं आपल्याला फोनवर सांगितलं होतं, असं दादा म्हणाला. तिने ते एका कानाने ऐकलं आणि दुसऱ्या कानाने सोडून दिलं. खात्याचं मीठ खाणारा माणूस, खात्याला सांभाळून घेणारच! भरल्या घरात, सगळ्या नातेवाइकांसमोर ती त्याला म्हणाली, “खात्याची अब्रू राखायला आईला मारलंस तू.” दादाने तोंडातून शब्द काढला नाही. त्या गप्प बसण्याने तिची खात्रीच पटली. तेव्हापासून दोघांतून विस्तव जात नव्हता.

निवडून आल्यावर तिने प्रश्नांचा धडाका लावला. आई राहायची त्या भागातल्या रुग्णवाहिकांना चालक नाहीत, हे खरे आहे काय? उत्तर आलं, हे खरे नाही. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. नंतर तिच्याच एका चालकाने खबर काढली, की चालक होते, पगारही घेत होते, फक्त बड्या साहेबांच्या गाड्या चालवत होते. त्या भागातल्या रुग्णवाहिका बंद आहेत, हे खरे आहे काय? हे खरे नाही. किल्ली फिरवली की सुरू होत होत्या ना! बंद कशा म्हणायच्या?

एकदा तो तिला सभागृहाबाहेरच्या जिन्यात भेटला. हातात कागदांची चळत, नाकावर चष्मा.

“लाज नाही वाटत, दादा?”

“तुला नीट विचारता येत नाही, त्याला मी काय करू?” तो म्हणाला आणि पायऱ्या उतरून गेला.

ते वाक्य तिला असं झोंबलं, की घरी गेल्यावर तिने नवऱ्याशीही विनाकारण भांडण काढलं. पण मग ती विचार करायला बसली. खात्यातून येणारा प्रत्येक कागद ‘हे खरे नाही’ने सुरू होतो. वरच्या साहेबांची नजर तेवढेच तीन शब्द शोधते. ते दिसले की सही होते आणि मंत्री तर तेवढंही बघत नाहीत. मग प्रश्नच उलटा घातला तर?

या वेळी तिने खात्याची आरतीच ओवाळली. भाग एक, त्या भागातल्या प्रत्येक रुग्णवाहिकेला चालक दिलेला असतो, हे खरे आहे काय? भाग दोन, फोन येताच गाडी रवाना होते, हे खरे आहे काय? भाग तीन, अमुक तारखेला एका वृद्ध महिलेसाठी तिच्या मुलाने केलेल्या फोननंतर गाडी पाठवण्यात आली, हे खरे आहे काय? आणि शेवटी चौथा भाग. तो सरकारसाठी नव्हताच. गाडी निघाल्याचे त्या मुलाला फोनवर सांगण्यात आले होते, हे खरे आहे काय?

दादा लिहून खोटं बोलत नाही. आता सापडशील, ती मनात म्हणाली.

उत्तराच्या दिवशी ती सभागृहात सगळ्यांच्या आधी जाऊन बसली. कागद उचलला. एक, हे खरे नाही. दोन, हे खरे नाही. तीन, हे खरे नाही. खाली मंत्र्यांची झोकदार सही. सरकारने स्वतःच्या हाताने लिहून दिलं होतं, की गाड्यांना चालक नसतात, फोन आला तरी गाड्या निघत नाहीत आणि त्या दिवशीही निघाली नाही. तिच्या अंगावर काटा आला. मग तिची नजर सहीच्या वरच्या ओळीवर गेली.

चार, होय, हे खरे आहे.

तिने ते पुन्हा वाचलं. म्हणजे दादाला खरंच तसं सांगितलं होतं. म्हणजे तो तेव्हाही खरंच बोलत होता आणि आपण त्याला भरल्या घरात खुनी ठरवलं. तिला एकदम इतकं लाजिरवाणं वाटलं, की तिने कागद उलटा ठेवला.

पण तिची पाळी आली होती. तिने उभं राहून पहिले तीन भाग वाचून दाखवले आणि सभागृहात गदारोळ उसळला. आरोग्यमंत्री मात्र गडी मुरलेला. हसत हसत उठला.

“अध्यक्ष महोदय, लिहिणाऱ्याची चूक आहे. बिचाऱ्याचा हात बसलाय, सगळीकडे ‘हे खरे नाही’ लिहून टाकतो. त्याला समज देऊ. हे उत्तर मागे घेतो, सुधारित उत्तर सादर करू.”

समोरचे बाक खो खो हसले. अध्यक्षांनी तिच्याकडे पाहिलं. “सन्माननीय सदस्यांना उपप्रश्न आहे का?”

मंत्र्यांच्या पाठीमागे अधिकाऱ्यांचा सज्जा होता. दादा तिथेच बसला होता, पेन उघडून, उपप्रश्नाला चिठ्ठी पुरवायला. त्याने तिच्याकडे सरळ पाहिलं. डोळ्यांत माया नव्हती, विनवणीही नव्हती. विचार की नीट, एवढंच होतं.

तिला सगळं कळलं. आता खाली बसलं, तर दादा हात बसलेला बिचारा ठरेल, समज घेऊन सुटेल, आणि आईसाठी गाडी निघाली होती असं सुधारित उत्तर छापून येईल. चौथा भाग वाचला, तर उत्तर जाणूनबुजून लिहिलंय हे उघड होईल आणि दादाची नोकरी जाईल. दादाचा तिला त्या क्षणी भयंकर राग आला. इथेही त्याने तिच्यावरच ढकललं होतं.

“आहे, अध्यक्ष महोदय,” ती म्हणाली. “चौथ्या भागाचं उत्तर ‘होय, हे खरे आहे’ असं आहे. हात बसलेल्या माणसाने तेवढंच वेगळं कसं लिहिलं? त्याने प्रश्न वाचला होता. मंत्रिमहोदयांनी सांगावं, हे उत्तर चूक आहे की बरोबर?”

मंत्र्यांनी न बघता हात मागे केला. ती त्यांची नेहमीची सवय. मागून चिठ्ठी यायची आणि आलेली चिठ्ठी ते खड्या आवाजात वाचायचे. आजही आली. आजही त्यांनी वाचली.

“अध्यक्ष महोदय, उत्तर बरोबर आहे. तो फोन मीच केला होता.”

मग कोणीतरी ओरडलं, “मंत्रिमहोदय, आई कोणाची?” आणि दोन्हीकडचे बाक हसून लोटपोट झाले. मंत्री हातातल्या चिठ्ठीकडे बघत लालबुंद झाले. सज्ज्यात दादाने पेनाला टोपण लावलं, कागद नीट सारखे केले आणि उठून गेला. तिच्या शेजारचा सदस्य तिच्या पाठीवर थाप मारत होता. “टॅक्सीवालीने सरकारला चारी मुंड्या चीत केलं!” तिला त्याचा हात झटकून टाकावासा वाटला.

पाच वाजायच्या आत दादाच्या निलंबनाचा आदेश निघाल्याची बातमी आली. गाड्यांच्या चौकशीचीही घोषणा झाली. तिने थांब्यावर फोन करून आपल्या सगळ्यात जुन्या चालकाला सांगितलं, “खात्याच्या फाटकापाशी जाऊन उभा राहा. दादा बाहेर आला की त्याला घरी सोड. माझं नाव सांग.”

ती थांब्यावर पोचली, तेव्हा चालक परत आला तो रिकामी टॅक्सी घेऊन.

“नाही बसले, ताई.”

“काय म्हणाला?”

चालक घुटमळला. “म्हणाले, ताईला सांग, गाडी निघालीय. टॅक्सी नको पाठवूस.” त्याने किल्ली तिच्यासमोर ठेवली. “पण तिथे कुठली गाडीबिडी नव्हती. चालतच गेले ते.”