माझ्या आडोशातलं रोप

मी उतारावरचा गवताचा एक झुबका बोलतोय. दोन दगडांच्या फटीत राहतो. जात राठ, पात्याला धार. दुसरं काहीच उरलं नाही तरच जनावरं मला तोंड लावतात, त्यामुळे फुशारकी मारावी असं माझ्यापाशी फारसं काही नाही.

इथे पूर्वी दाट जंगल होतं म्हणे. माझ्या जन्मापर्यंत चार म्हातारी झाडं तेवढी उरली होती. त्यांचं बी रुजायचं, दोन पानं काढायचं आणि शेळ्यांच्या पोटात जायचं. शेवटी खालच्या रोपवाटिकेत काम करणाऱ्या बाईंनी हट्टच धरला. सगळ्यांच्या हातापाया पडून त्यांनी उताराला कुंपण घालून घेतलं आणि रोपं लावली. शेळ्या होत्या त्यांच्या दिराच्या.

तो म्हणाला, "वहिनी, तुमच्या शब्दाखातर एक उन्हाळा कळ काढतो. पण उन्हाळा सरताना मला जगलेली रोपं दाखवा. नाही दाखवलीत, तर कुंपण मीच काढणार. माझ्या शेळ्यांनी काय वारा खायचा?"

बाई कामाला वाघ. वाफ्यात गवताची काडी दिसली तरी त्यांच्या घशाखाली घास उतरत नसे. तोच शिरस्ता त्यांनी इथेही चालवला. पाऊस सरताच खुरपं घेऊन आल्या आणि प्रत्येक रोपाभोवती हातभर जमीन लख्ख करू लागल्या. "आले आयत्या बिळावर नागोबा!" असं म्हणत माझे भाऊबंद मुळासकट उपटले. माझ्यापाशी मात्र खुरपं दोनदा दगडावर खणखणलं, तिसऱ्यांदा बोटाला लागलं. "राहा बाबा, तू राहा," म्हणून त्या वैतागून उठल्या. माझ्या पोटाशी त्यांचंच एक रोप होतं. वरच्या खडकाळ पट्ट्यातही त्या मग गेल्या नाहीत.

वाफ्याला रोज झारीचं पाणी मिळतं, उताराला आभाळाशिवाय कोणी नाही. एवढीच गोष्ट बाई विसरल्या. उन्हाळ्यात उघडी माती तव्यासारखी तापली आणि लख्ख आळ्यांतली रोपं एकेक करून वाळली.

मी साधुसंत आहे असं समजू नका. पावसाळ्यात मी त्या रोपाच्या वाटणीचं पाणी प्यायलो, ऊन अडवलं, त्याला चार पानांपुढे जाऊ दिलं नाही. पण उन्हाळ्यात माझ्या वाळक्या पात्यांनीच त्याच्यावर सावली धरली आणि बुडाशी ओल टिकवली.

ठरल्याप्रमाणे दीर पक्कड घेऊन आला. पहिली तार सुटते न सुटते तोच एक शेळी आत घुसली आणि तिने माझ्यात तोंड खुपसलं. राठ काड्या नाकात गेल्या तशी शिंकत मागे सरली. तिला ओढायला तो वाकला आणि वाकलेलाच राहिला.

"वहिनी, इकडे या."

"आता काय दाखवता, भाऊजी? मेलंय सगळं. काढा ते कुंपण."

"अहो, हे जितं आहे. हिरवंगार आहे!"

बाईंनी मला दोन्ही हातांनी बाजूला सारलं आणि त्या रडायलाच लागल्या. मग दोघं गवत चाचपत वर चढत गेले. सतरा रोपं निघाली. दिराने सुटलेली तार पुन्हा पिळली. "शब्द म्हणजे शब्द," तो म्हणाला. "शेळ्यांसाठी मी गवत कापून नेईन."

तेव्हापासून बाई मला कोणाला हात लावू देत नाहीत. आज भर पावसाळ्यात दीर विळा घेऊन आलाय आणि त्या मध्ये उभ्या आहेत. "याला नको, भाऊजी. याचे उपकार आहेत."

बाई, कसले उपकार? रोप माझ्या डोक्याएवढं झालंय, पण पानं पिवळी पडलीत ती बघा. आता मी त्याला राखत नाही, त्याच्या तोंडचा घास खातोय. उन्हाळ्यात मला सांभाळा, पावसाळ्यात कापा. मुळं तेवढी ठेवा, ती माती धरतील. एक दिवस या झाडाची सावली इतकी दाट होईल की मी इथे उगवणारच नाही. त्याचं मला वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू? तरी सरका बाजूला. चालू दे विळा.