अकरा ते चार

बासष्टाव्या वर्षी मला बोर्डावर घेतलं तेव्हा माझ्या डोक्यात हवा गेली, हे आधीच कबूल करते. शहरातल्या मोकळ्या जागा लोकांना बसण्या-उठण्याजोग्या करून देणारी ती संस्था. मी शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका. आमचं मराठी घराणं बेंगळुरूत कित्येक पिढ्यांचं, म्हणून 'स्थानिक माणूस' या नात्याने माझी वर्णी लागली. माझ्याबरोबर नवे आले ते सुहास, मूळचे पुण्याचे, सरकारी कारखान्यातले इंजिनियर.

संस्थेचा एक नियम होता. नव्या सदस्याने आपलं मत देण्याआधी त्या जागेवर दिवसभर बसायचं आणि काय दिसलं ते बैठकीत सांगायचं. सुहास तासभर गाडीत बसून आले. मी मात्र सकाळी सहापासून ठाण मांडलं.

जागा बनशंकरीतली, बाजाराच्या तोंडाशी, करंजाखालचा लांब दगडी कट्टा. अकराला सकाळचा बाजार उठला आणि फुलं विकणाऱ्या सहाजणी टोपल्या उशाशी घेऊन कट्ट्यावर आडव्या झाल्या. त्यांतली सोयराबाई सत्तरीची, कंबर पार गेलेली. आनेकलहून पहाटेच्या बसने यायची. घरी जाऊन परत यायचं तर चार तास बसमध्येच जाणार, म्हणून चारचा बाजार भरेपर्यंत इथंच पाठ टेकायची. माझं मराठी ऐकून ती हसली आणि सरकली.

"अक्का, तुमी बी स्वल्प टेका की. कोन बघतंय?"

मी आजूबाजूला पाहिलं आणि टेकले. दगड गार होता. चांगली अर्धा तास झोपले.

बैठकीत मी सगळं रंगवून सांगितलं. किती बायका, कुठून येतात, अकरा ते चार कशा झोपतात. मी झोपले ते तेवढं गाळलं. लाज वाटली. अध्यक्ष विद्याधर म्हणाले, "पद्मावतीबाई, इतकं बारकाईने आजवर कुणी पाहिलं नव्हतं." मी खुलले.

सुहासनी चष्मा पुसत विचारलं, "म्हणजे पाच तास तिथे दुसऱ्या कुणाला बसताच येत नाही?"

सगळ्यांनी माना डोलावल्या. मी माझी वही मिटली.

पुढच्या महिन्यात नकाशा आला. त्यातून कट्टा गेला होता. त्याच्या जागी सुबक बाकं, आणि दर दोन फुटांवर लोखंडी दांडा.

"हे दांडे कशाला?" मी विचारलं.

"अक्का, प्रत्येकाला आपली जागा मिळावी म्हणून," नकाशा काढणारी गौरी गोड आवाजात म्हणाली. "तुमच्या रिपोर्टवरूनच सुचलं."

मला सगळं समजलं होतं. शाळेत चाळीस पोरांना एका नजरेत गप्प करणारी मी. पण तिथं नवी होते, नुकतीच वाहवा झाली होती, आणि सगळ्यांचे हात वर गेले होते. मीही हात वर केला. आजही त्या हाताची मला चीड येते.

बाकं बसली त्या आठवड्यात दुपारी गेले. पाचजणी दिसल्या नाहीत. सोयराबाई दोन दांड्यांच्या मधे ताठ बसली होती, टोपली मांडीवर घेऊन. मान पुढे कलंडायची, दचकून वर यायची. मी शेजारच्या खणात बसले. आमच्यामधे दांडा होता.

"बाकीच्या कुठायत?"

"दोघी येत न्हाईत आता. तिघी तकडं गटारीकडंला निजत्यात. मला खाली बसलं की उठाय येत न्हाई." तिने कमरेवर हात दाबला. "चांगली मानसं असतील ती, अक्का. पन आमी हितं निजतो, हे त्यान्ला कोन सांगितलंच नसंल."

'सरी', म्हणजे बरं, एवढंच म्हणून उठता आलं असतं. ती मला ओळखत होती, माझ्यावर तिचा काही राग नव्हता, आणि चारला अजून दीड तास होता.

"सांगितलं होतं," मी म्हटलं. "मीच सांगितलं."

तिने माझ्याकडे वळून पाहिलं. वळताना दांडा तिच्या बरगडीला लागला.

"मग?" तिने विचारलं.