डाव्या बाजूची बत्ती

"खोटा हाय हा डबा! म्या पह्यले दाबलं! पाची खेपा म्याच पह्यले दाबलं!"

"हरली तं हरली म्हणाव, गंगे. बोंबलतं कायले?"

"बोंबलीन! मले त्या बाजूनं बसू द्या, मंग सांगतो!"

मित्रांनो, ज्या डब्यापाई मेडशीच्या बाजारात हे भांडण झालं तो डबा मीच. मी एक जुना बत्तीचा खेळ आहो. गंगू खरं बोलून राह्यली होती अन् ते फक्त दोघाइले मालूम होतं. एक मले अन् एक मले बनवणाऱ्याले. आज सारं सांगून टाकतो. मधात बोलू नका, मले राग लवकर येते.

मले शालिग्रामनं बनवलं. एस्टी स्टँडजवळ त्याचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान. साल होतं पंच्याहत्तर. चहाच्या खोक्याच्या फळ्या, सायकलच्या दिव्याचे दोन बल्ब, त्याइवर पतंगाचा कागद. उजवीकडं लाल, डावीकडं हिरवा. दोन बाजूले दोन बटनं. मले मधात ठेवायचं, दोघांनं समोरासमोर बसायचं, तिसऱ्यानं टाळी वाजवायची. जो पह्यले दाबन त्याची बत्ती लागे, दुसऱ्याची बंदच राहे. एवढाच खेळ. पण आमच्या भागात तवा असा खेळ कोणी पाह्यलाच नोता.

बटनाखाली पितळेची पट्टी लागते. शालिग्रामले जुन्या टॉर्चमधून एकच भेटली. ते त्यानं उजवीकडं लावली. डावीकडं तेलाच्या डब्याचा पत्रा कापून ठोकला. पत्र्याले जंग होता. बटन दाबलं का तो जरासा अडके. पापणी लवते ना, तेवढाच. पण या खेळात तेवढ्यातच हारजीत होते! शालिग्रामनं दोन्ही हातांनं एकदम दाबून पाह्यलं. डावी बत्ती एकदाही लागली नाई. मंग त्यानं बिडी पेटवली अन् आपल्याशीच बोलला, "चालते. तिकडं कोण बसणार हाय, मालूम हाय."

मले तवा त्याचा अर्थ समजला नाई.

मंग त्यानं दुकानावर भोंगा लावला. "येत्या बाजारी पाहा हो! मुंबईत नाई तो खेळ मेडशीत! ज्याले पाह्यजे त्याले बनवून भेटन!" बाजाराच्या दिवशी ही गर्दी! अन् सवालावर सवाल.

"शॉक बसते का रे?"

"सेलवर चालते मावशी, शॉक कायचा!"

"बिघडला तं कोण पाह्यन?"

"मी काय मेलो का?"

सोजरबाईनं नाक मुरडलं. "पोट्टे शाळा सोडून यालेच चिकटतीन. डोये फुटतीन ते अलग."

"डोये उलटे तेज होतात, काकू!"

असा गोड बोले तो. लै गोड. मंग बबनराव आला. गावातला मोठा शेतवाला. त्यानं एक घेतला का त्याच्या मांगून दहा घरं घेतीन, हे शालिग्रामले पक्कं मालूम. बबनरावनं हळूच इचारलं, "गावातले सारेच पोट्टे बोटं लावतीन याले. मंग आमच्या पोट्ट्यानं त्याच बटनाले हात लावाचा का?"

"मालक, म्हणून तं दोन बटनं! उजवं तुमचं, डावं त्याइचं. एकाचा हात दुसऱ्याच्या जागी लागतच नाई."

समोरच्या हॉटेलात बौद्धपुऱ्यातल्या लोकाइसाठी एक कानतुटका कप वेगळा कोपऱ्यात ठेवलेला राहे. शालिग्रामनं तेच अक्कल माह्या आंगात बसवली होती. त्या बिडीच्या वक्ताचं बोलणं मले आता समजलं. उठून पळून जावं असं वाटलं. पण डब्याले पाय कुठं असतात?

आखरीचा सवाल भागिरथाबाईचा. बौद्धपुऱ्यातली मजुरी करणारी बाई. लेकीचा हात धरून उभी होती. "भाऊ, दोन्ही बाजू सारख्या हायेत ना?"

"एका मायचे दोन लेकरं हायेत, बाई!"

झूट! साफ झूट! अन् मी लाल-हिरवा कागद लावून, नवरदेवासारखा सजून बसलो होतो.

भागिरथाबाईची लेक म्हणजे गंगू. तेरा वर्षाची. कापूस वेचाले दोन्ही हात चालत तिचे. बाकीच्या बाया एक झाड करत तवरोक तिचे दोन होत. साऱ्या मेडशीत तिच्या बोटाचं नाव होतं. ते डावीकडं बसली, उजवीकडं बबनरावचा पोट्टा. टाळी वाजली. गंगूचं बोट पह्यले पडलं, आईशप्पथ सांगतो. माह्या पत्र्यानं ते अडकून धरलं. लाल बत्ती लागली.

दुसरी खेप. लाल. तिसरी. लाल. लोकं हासाले लागले. "गंगे, कापसात चालते बोट, बत्तीत काहून नाई चालत?" पाचव्या खेपेले ते उठली अन् सुरुवातीले सांगतलं ते भांडण पेटलं.

"जागा बदलून पाहू ना," गंगू म्हणे. "भेता काहून?"

बबनरावनं पोट्ट्याकडं पाह्यलं, मंग त्या बटनाकडं. तवा गंगूनं टेबलावरून हात लांब केला अन् उजवं बटन दाबलं. लाल बत्ती भक्कन लागली.

"पाह्यलं? मी दाबलं तरी लागते!"

बबनरावनं पोट्ट्याचा दंड धरून उठवला. "ने तुहा डबा. आता तो आमच्या कामाचा नाई." झालं. दहा घरंही गेले.

शालिग्रामचं डोक्स फिरलं. भोंगा चालूच होता. त्यानं माइक तोंडाशी धरला अन् साऱ्या बाजाराले आयकू जाईन असा बोलला, "डबा बराबर हाय! पोट्टी हरली म्हणून खोटी बोलते!"

गंगू रडली नाई. तिनं माह्याकडं पाह्यलं. शालिग्रामकडं नाई, माह्याकडं. ते पाहणं माह्या लाकडात अजून रुतलेलं आहे.

तवापासून पोट्टे तिले 'खोटी बत्ती' म्हणत. वावरात जाताना, पाण्याले जाताना. लग्न होऊन किन्हीराजाले गेली तरी माहेरी आली का कोणीतरी म्हणेच. अन् मी? दुकानाच्या माळ्यावर. पालीनं माह्यात अंडे घातले. म्या म्हटलं, घाल बाई, मी त्याच लायकीचा.

तीन वर्षं गेले. गेल्या महिन्यात शालिग्रामच्या सहा वर्षाच्या पोरीनं मले खाली काढलं. चुलतभावासोबत खेळाले बसली. डावीकडं. दोन-तीन खेपा झाल्या अन् ते भोकाड पसरून बापाकडं गेली, "बाबा, म्या पह्यले दाबलं होतं!"

शालिग्रामच्या हातातला, रेडिओच्या तारेले डाग द्यायचा तापता खिळा तसाच राह्यला. लेकरू रडे, तो आयकत राह्यला. त्याच दिवशी त्यानं आपला चालता टॉर्च फोडला, पितळेची पट्टी काढली अन् माह्या डावीकडं लावली. गंजका पत्रा फेकला नाई, खिशात ठेवला. मंग मले काखेत घेऊन भागिरथाबाईच्या घरी गेला. दारातच उभा राह्यला. "आता दोन्ही बाजू सारख्या हायेत. गंगू जयंतीच्या सणाले माहेरी आली का तिले खेयाले धाडजा."

भागिरथाबाई तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणे, "तिले आता खेयाचं नाई, भाऊ. तिचं लेकरू कडेवर हाय. तिले खोटी म्हटलं ते भोंग्यावर म्हटलं. घरी येऊन कायले सांगतं?"

मित्रांनो, नवा खेळ आला का तुम्ही शॉक इचारता, सेल इचारता. इचारा. पण त्याले उलटा करून त्याचं पोटही पाहा. अन् ज्याची बत्ती लागली नाई, त्याले हासू नका. त्याले एक खेप दुसऱ्या बाजूनं बसू द्या.

आज बाजार आहे. तोच टेबल, तोच भोंगा. बबनराव हॉटेलाच्या बाकड्यावर बसला आहे. तिकडं निंबाखाली जयंतीले माहेरी आलेली गंगू उभी आहे, कडेवर लेकरू. शालिग्रामनं खिशातून तो पत्रा काढला. माह्या बुडाचे खिळे काढले. आता तो मले उलटा करून साऱ्याइले दाखवणार. लाज वाटते, लै वाटते. पण आज लपायचं नाई.

भोंगा खरखरला.

"हॅलो... हॅलो... ते गंगू खरी—"

त्यानं मले उचललं. जातो मी, मले आता जा लागते.