दुसऱ्या कुणी हात लावला तर

कुंदाला ज्याची भीती वाटत नाही, असं जगात काही शोधूनही सापडलं नसतं. ती लिफ्टला घाबरायची, पालीला घाबरायची, मॉलमधल्या सरकत्या जिन्यापाशी आली की सतीशचा दंड धरायची. आणि सतीशची ती पंधरा वर्षांची गाडी! तिच्यात बसली की कुंदा उतरेपर्यंत देवाचं नाव घेत राहायची. सतीश तिला भित्री भागूबाई म्हणायचा, आणि त्याची आई तानुबाई पदराआड हसायची.

तानुबाई तीन महिन्यांसाठी कणकवलीहून दुबईत अल मनखूलला लेकाकडे आली होती. ती परत जाण्याआधी तिला ओमानमधला निझवाचा किल्ला दाखवायचा, असं सतीशने ठरवलं. तेही त्याच गाडीने. कुंदाने मग अट घातली. गाडी वाटेत बंद पडली तर उचलून नेणारं विम्याचं कव्हर घ्या, त्याशिवाय मी उंबरठा ओलांडणार नाही.

आठवडाभर तिने घरादाराचं डोकं खाल्लं. एका कंपनीला दहा वर्षांवरची गाडी चालत नव्हती. दुसरीला म्हातारी गाडी चालत होती, पण सीमेच्या अलीकडेच. "मॉम, इट्स जस्ट ओमान, नॉट द मून," कॉलेजातला नीरव म्हणाला, आणि तो येणारच नव्हता, त्याला काय. तिसऱ्या कंपनीला म्हातारी गाडीही चालली आणि ओमानही. फोनवरच्या मुलीने एवढंच बजावलं, "मॅडम, हमारी गाडी आने तक किसी और को हाथ मत लगाने देना. नहीं तो कवर खलास."

कुंदाने ते वाक्य आरतीसारखं पाठ केलं. त्या रात्री ती कितीतरी दिवसांनी गाढ झोपली.

अल ऐनची सीमा ओलांडून ओमानमध्ये इब्रीच्या रस्त्याला लागल्यावर गाडीने दगा दिला. इंजिनातून वाफ आली, काहीतरी कडकडलं आणि जूनच्या भर दुपारी गाडी रस्त्याच्या कडेला मुकाट उभी राहिली. एसी गेला. खिडक्या उघडल्या तर भट्टीचं दार उघडावं तसा वारा आत आला. दोन्हीकडे नुसता खडकाळ माळ, सावलीला एक झुडूपही नाही. कुंदाने स्वतःला समजावलं, कव्हर आहे.

ती पर्समधून फोन काढते आहे तोच एक पिकअप येऊन थांबला. पांढऱ्या दाढीचा, डोक्याला फडकं गुंडाळलेला माणूस उतरला. आपलं नाव वली, पुढच्याच गावात राहतो, असं त्याने हिंदीत सांगितलं. मागच्या सीटवर तानुबाई घामाने भिजून बसली होती. तिच्याकडे त्याने एकदा पाहिलं.

"रस्सी है, गाडी खींच लेगा. नहीं तो अम्मा को बिठाओ, मेरा एसी चालू है."

सतीश घुटमळला. "अगं, आईला तरी पाठवूया का? तूही जा सोबत."

"अहो, ओळख ना पाळख, कुठे नेईल काय सांगावं? आणि कव्हर रद्द होईल त्याचं काय?" कुंदा खिडकीतून डोकं काढून त्या माणसाला म्हणाली, "नहीं नहीं, शुक्रन. कंपनी की गाडी आ रही है."

"पक्का?"

"पक्का."

त्याने पाण्याच्या बाटल्या दिल्या, "यल्ला, चलो, इन्शाल्ला आएगी," म्हणाला आणि गेला. पिकअप दिसेनासा झाल्यावर कुंदाने कंपनीचा नंबर फिरवला.

तो वाजलाच नाही. एक बाई आधी अरबीत आणि मग इंग्रजीत सांगत राहिली की हा नंबर उपलब्ध नाही. सतीशने आपल्या फोनवरून लावला, तेच. मग त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. आठशेने सुरू होणारा फुकटचा नंबर तो, फक्त अमिरातीच्या आतूनच लागणारा. आठवडाभर कुंदाने सगळं विचारलं होतं, हे तेवढं विचारलं नव्हतं. जगातल्या प्रत्येक गोष्टीला घाबरणारी बाई त्या एका कव्हरला मात्र घाबरली नव्हती.

इंटरनेट सीमेपाशीच बंद पडलं होतं. इथल्या पोलिसांचा नंबर दोघांनाही ठाऊक नव्हता. कुंदा नीरवला फोन लावत राहिली, आणि सुट्टीचा दिवस म्हणून तो झोपला होता. कितव्यांदा तरी त्याने उचलला. "ओके मॉम, रिलॅक्स, आय विल कॉल देम." मग त्याचाच फोन आला. "दे सेड टू अवर्स. मेबी मोअर."

तेवढ्यात तानुबाईने पाणी ओकून टाकलं. कुंदाने तिच्या कपाळाला हात लावला आणि चटकन मागे घेतला. मघाशी घामाने थबथबलेलं अंग कोरडं ठणठणीत होतं आणि तापलं होतं. "अहो, बैल बांधलात का?" सासू तिच्याकडेच बघत म्हणाली. ती दत्तारामशी, आपल्या नवऱ्याशी, बोलत होती. त्याला जाऊन नऊ वर्षं झाली होती.

"आई! ए आई!" सतीश नुसता ओरडत राहिला.

कुंदाला त्या क्षणी वाटली तशी भीती आयुष्यात कधी वाटली नव्हती. तरीही ती उतरली, भर रस्त्याच्या मधोमध जाऊन ओढणी हलवू लागली आणि समोरून गाडी आली तेव्हा बाजूला झाली नाही. गाडी कर्णकर्कश ब्रेक लावून हातभर अंतरावर थांबली. आत कोण बसलंय, कुठले आहेत, काही न बघता तिने मागचं दार उघडलं. कव्हर गेलं खड्ड्यात!

इब्रीच्या इस्पितळात तानुबाईला सलाईन लावलं, बर्फ लावला. आणखी थोडा उशीर झाला असता तर हाती काही लागलं नसतं, असं डॉक्टर म्हणाले. संध्याकाळी तिने डोळे उघडले तेव्हा सतीश औषधं आणायला गेला होता. कुंदा तिचा हात धरून हमसाहमशी रडायला लागली. "आई, वाचलात हो तुम्ही."

तानुबाईने तिच्याकडे मान वळवली. मग कोरड्या ओठांनी, अगदी हळू, म्हणाली, "त्या दाढीवाल्याला कशाला गं घालवलंस?"

"ते कव्हर..." कुंदा पुटपुटली.

"मी जायला चपला घातल्या होत्या गं."