रेडिओच्या पाठीवरचा नंबर

संस्था म्हणजे एक खोली. दोन टेबलं, तीन कपाटं आणि कुरकुरत का होईना, फिरणारा पंखा. वेळेआधी बंद पडणाऱ्या पेसमेकरांविरुद्धचे अर्ज तिथे भरले जात. भरायचं काम दोन वर्षं मावशींकडे होतं. कोणीही आलं की त्या आधी एकच विचारत, "डब्याबरोबर आलेला स्टिकर आहे का? बॅच नंबरचा?" बहुतेकांनी तो कधीच फेकून दिलेला असे.

"पंचवीस हवेत मावशी, एकाच बॅचचे, अस्सल स्टिकरसकट," संस्थेची वकीलबाई म्हणाली. "चोविसावर घोडं अडलंय. उद्या दुपारी चौकशी समिती फाइल बंद करणार. मग हा माल बसवायला सगळे मोकळे. काकांचे कागद पुन्हा एकदा शोधता का?"

"हरवले म्हटलं ना."

"बरं बाई. इथल्या कपाटातली टाचणीसुद्धा तुम्हाला सापडते, आणि घरचाच कागद हरवतो."

मावशी हसल्या नाहीत. चोविसातल्या तिघांना तो पेसमेकर गेल्याच वर्षी बसवला होता. ते अर्जही मावशींनीच भरले होते.

कागद हरवले नव्हते. स्टिकर घरी रेडिओच्या पाठीवर होता. ऑपरेशनहून आल्या आल्या मावशींच्या यजमानांनी, काकांनीच तो तिथे चिकटवला होता. "अगं, आता आम्हा दोघांनाही गॅरंटी आहे. बघू आधी कोण बंद पडतं ते." सात महिन्यांनी सकाळच्या बातम्या ऐकता ऐकता ते गेले. रेडिओ बोलत राहिला. तेव्हापासून घरात बोलणारा तो एकटाच.

संध्याकाळी त्यांनी स्टिकर वाफेवर धरला, पिनेने कोपरा उचलून पाहिला. कागद फाटू लागला तशी पीन खाली ठेवली.

सकाळी टॉवेलात गुंडाळलेला रेडिओ मांडीवर घेऊन त्या बसने निघाल्या. वकीलबाईने तो उलटा करून नंबर दोनदा ताडून पाहिला. मग तो सरळ करून टॉवेलावर ठेवला.

"दोन वर्षं, मावशी?"

"हो."

"आता निकाल लागेपर्यंत परत मिळायचा नाही. वर्ष जाईल. कदाचित दोन."

"माहीत आहे. लोकांना मीच सांगते ना."

अर्ज त्यांनी स्वतःच भरला. मृत्यूची वेळ: सकाळी सात दहा. पुढे लिहिलं, बातम्या चालू होत्या.

"हे लिहायची गरज नाही," वकीलबाई हळूच म्हणाली.

"असू दे गं."

दुसऱ्या दिवशी सातला मावशींचा हात सवयीने फळीकडे गेला. धुळीत रेडिओएवढा चौकोन स्वच्छ होता. त्यांनी फडकं घेतलं, पण पुसलं नाही. शेजाऱ्यांकडे बातम्या लागल्या होत्या. शब्द कळत नव्हते, नुसता आवाज येत होता. मावशींनी खिडकी उघडली आणि खुर्ची तिच्याजवळ ओढून घेतली.