झाकणावरचा टिका

हे लिहिणारच नव्हतो, कारण यात विक्कीची फजिती आहे, अन् तो विक्की मीच आहे. दुरून सांगितलं की लाज कमी वाटते, म्हणून दुरूनच सांगतो.

नवेगाव बांधच्या तलावात देवचंदची जाळी कालपासून पडून होती. ऊन चढलं की अडकलेली मासोळी खराब होणार, अन् त्याच्या डोंग्याचं इंजिन दोन मिनिटं चालून बंद पडून राहिलं होतं. थोडं थांबलं की सुरू, मग पुन्हा बंद. मोबाईल पाहून मेकॅनिक झालेल्या विक्कीनं प्लग बदलला, पेट्रोलची नळी फुंकली, कार्बोरेटर दोनदा खोलला.

"डॉक्टर, पेशंट वाचते का?" देवचंदनं विचारलं.

"कचरा आहे बे आत."

"तू खोलल्यापासून का?"

देवचंदची बायको रुख्मा काठावरच उभी होती. "पेट्रोल तरी हाये का पाहा न, भाऊजी," म्हणत तिनंच टाकीचं झाकण सैल केलं. सुस्स करून हवा आत गेली. विक्कीनं दोरी ओढली, अन् या खेपेला इंजिन बंद पडलंच नाही.

त्यानं झाकण नीट पाहिलं. हवा जायच्या बारीक छिद्रात हळद-कुंकू वाळून दगड झालं होतं. काल दसऱ्याला, जाळी टाकून आल्यावर, इंजिनची पूजा करून हा जाडजूड टिका त्यानंच लावला होता.

"पूजा करून त्याचा श्वासच कोंडला तू," देवचंद म्हणाला.

विक्कीनं काडीनं छिद्र मोकळं केलं. "देवचंद, यापुढं टिका इंजिनच्या टोपावर लावीन. अन् बंद पडलं, तर पाना धरायच्या आधी झाकण पाहीन. तुले शब्द देतो."